पावसात उघडलेली बरणी

लोणावळ्यात त्या काळी भाड्याची जागा शोधायला गेलं, की बाजारातले लोक दोन गोष्टी सांगायचे. एक म्हणजे, पावसाळ्यात गळणार नाही असं छप्पर इथं कुणाचंही नाही. आणि दुसरी, चर्चच्या मागच्या अंगाला एक पत्र्याचं घर आहे, तिथली बाई जागा देते, पण तुम्हाला काही झालेलं असलं तरच.

खोटं नाही सांगत. धडधाकट माणसाला ती दारातूनच परत पाठवायची. एकदा एक तरुण कारकून आला होता. नवीन बदली होऊन आलेला, कुणीतरी त्याच्या कानात सांगितलेलं, की खोली हवेशीर आहे, फक्त थोडं खोकायचं. बिचारा खोकला. हिनं त्याला खुर्चीवर बसवलं, पाठीला कान लावला आणि म्हणाली, "आणखी एकदा." तो पुन्हा खोकला. "छान. गणपतीत नाटकं करतोस का रे?" मग त्याला कपभर चहा दिला, बटर दिलं आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुला माझ्याकडे यायची वेळ कधी न येवो." आपल्याला आशीर्वाद मिळाला की हाकलून दिलं, हे काही त्या पोराला कळलं नसावं. फाटकापर्यंत तो मागं बघत बघत गेला.

मला मात्र तिनं लगेच घेतलं. मी अस्सल होते.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन पुण्यात नांदायला गेले, अजून घरातल्या पातेल्यांची जागा नीट पाठ झाली नव्हती, तोच खोकल्यातून रक्त पडलं. सासरच्यांनी मला माहेरी पोचवलं. डॉक्टर म्हणाले, यावर सुया आता निघाल्यात, पण हवा पाहिजे, खाणं पाहिजे. म्हणून आई मला घेऊन या बाजूला आली. मळवलीला एका बंगल्याच्या माळ्यानं माझ्या गालफडांकडं एकदा बघितलं अन् म्हणाला, "न्हाई जमायचं. मालक येनार हाईत." मालक म्हणे दिवाळीत यायचे होते, आणि तेव्हा फाल्गुन चालला होता. असे तीन-चार मालक दिवाळीत येऊन झाले, तेव्हा कुठं आम्ही त्या पत्र्याच्या घरापाशी पोचलो.

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. बुटकी, जाडसर, पांढरं पातळ, मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं आणि गळ्यात किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एक पितळी शिट्टी. नवरा रेल्वेत गार्ड होता, त्याची ती शिट्टी. तो गेल्यावर ती हिच्या गळ्यात आली आणि जेवणाची पानं घेतली की वाजायला लागली. घाटातून वर आलेल्या गाडीचा ड्रायव्हर एकदा त्या शिट्टीनं फसला होता असं ती अभिमानानं सांगायची. मला ते खरं वाटत नाही, पण तिच्यासमोर तसं म्हणायची कुणाची टाप होती!

"काय झालंय?" तिनं विचारलं.

आई म्हणाली, "काही नाही, जरा अशक्तपणा आहे."

"अशक्तपणाला माझ्याकडं जागा नाही. काय झालंय ते नाव घेऊन सांगा."

आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. 'तिची तब्येत' एवढंच म्हणत. आई त्या ओट्यापाशी उभी राहिली, पदर तोंडाला लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाली, "क्षय." आणि रडायला लागली.

"हां," ती सूप बाजूला ठेवत म्हणाली, "मग या की आत. उन्हात कशाला उभ्या?"

पहिले काही दिवस मी तिला अहो-जाहो करत होते. एके दिवशी तिनंच दटावलं. "मी देवाला अरे म्हणते. आणि तू मला अहो म्हणतेस? मला संकोच होतो बाई." तेव्हापासून ती मावशी झाली, आणि मी तिला अगं-तुगं करायला लागले.

देवाला अरे म्हणते, हे तिनं उगीच सांगितलं नव्हतं. दिवसभर तिचं त्याच्याशी चाललेलं असायचं. चूल पेटत नसली की, "बघ रे, लाकडं ओली दिलीस." दूधवाल्यानं पाणी घातलं की, "याच्याकडं तूच बघ, मी बोलले तर उद्यापासून येणार नाही." परसात कपडे पिळताना तर सरळ भांडणच चालायचं. नव्या भाडेकरूला वाटायचं, आत कुणी पुरुषमाणूस आहे आणि ऐकून घेतोय बिचारा. जेवणाआधीची प्रार्थना मात्र डोळे मिटून, आणि ती एवढी लांब की आमटीवर साय धरायची. त्यात आम्ही सगळे असायचो, आमची फुप्फुसं असायची, घाट चढणारी इंजिनं असायची, पाळकसाहेबांची गुडघेदुखी असायची. लोणावळ्याच्या माकडांना या प्रार्थनेची वेळ ठाऊक झाली होती. एकदा एक हुप्पा खिडकीतून थेट भाकरीच्या टोपलीपर्यंत आला. मावशीनं एक डोळा उघडला, पायातली चप्पल काढली, नेम धरून मारली आणि आवाज जराही न बदलता पुढं म्हणाली, "आणि या लेकरांना पोटभर मिळू दे, आमेन." आम्ही खोकून खोकून हसलो. डॉक्टरांनी आम्हाला हसायची मनाई केली होती.

तिच्याकडं राहायचं तर एक अट असायची. आल्याच्या आठवड्यातच लिंबाच्या लोणच्याची एक बरणी घालायची. लिंबं मळवलीची ठकूबाई आणायची. डोक्यावर पाटी घेऊन पॅसेंजरनं यायची आणि दारातूनच ओरडायची, "बाई, कोन नवं आलंय का? लिंबं आनलीत!" मावशी फोडी स्वतः करायची. रोग्यानं चमच्यानं मीठ टाकायचं, तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा आणि गाठ स्वतःच्या हातानं मारायची. मग बरणी पत्र्यावर उन्हात, आणि नंतर चुलीच्या वरच्या फळीवर, जिथं धुरानं कोरडं राहायचं. बरणीवर रंगानं नाव.

"ही पुढच्या वर्षी उघडायची," ती सांगायची. "त्याच्या आधी कुठं जायची परवानगी नाही."

मी म्हटलं, "मावशी, पुढच्या वर्षापर्यंत मी असेन की नाही..."

"मीठ टाक. तुला हिशेब कुणी विचारलाय?"

मी मीठ टाकलं. ठकूबाई दारात बसून माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "गाठ घट मार गं बाय. ढिल्ली मारलीस तर मुंग्या जात्यात."

आता या बरण्यांतलं खरं विचित्र सांगते. सगळेच काही पुढच्या वर्षीपर्यंत राहायचे नाहीत. औषधं नवीन होती, कुणाला लागू पडायची, कुणाला उशीर झालेला असायचा. त्यांच्या बरण्या फळीवर तशाच राहायच्या. मी तिथं राहायला गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात ईस्टर आला. त्यांच्यात ईस्टरला उजाडताना सगळी मंडळी गाणी म्हणत दफनभूमीत जातात, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं घालतात. मावशी तिथून परत आली ती फुललेल्या चेहऱ्यानं. स्टूल घेतलं, फळीवरची एक बरणी खाली काढली आणि दादरा सोडला. मागच्या पावसात गेलेल्या एका मास्तरांची बरणी होती ती. शिट्टी वाजली. पाव, उकडलेली अंडी आणि प्रत्येकाच्या बशीत मास्तरांच्या लोणच्याची एकेक फोड.

आई तर मागंच सरकली. "आम्ही नाही हो खात. गेलेल्या माणसाचं."

"का? त्यांनी मीठ घातलं, गाठ मारली, लिंबं मुरली. उद्या ते उठतील तेव्हा पहिलं मला विचारतील, बाई, माझ्या लोणच्याचं काय केलंत? तेव्हा काय सांगू, फेकून दिलं?"

हे ती चेष्टेनं म्हणत नव्हती, हे लक्षात घ्या. मेलेली माणसं उठणार, यात तिला मुंबईची गाडी येणार यापेक्षा जास्त शंका नव्हती. गाडीला होतो तेवढा उशीर यालाही होईल, एवढंच तिला मान्य होतं. मी भीत भीत फोड तोंडात टाकली. चांगली झाली होती.

पण फळीच्या अगदी टोकाला एक बरणी होती, निळ्या फुलांची, चिनी मातीची. तिच्यावरचं नाव धुरानं पुसट झालं होतं. ती काही त्या दिवशी खाली आली नाही. मी विचारलं, "मावशी, ती कुणाची?"

"ती राहू दे," एवढंच म्हणून मावशी अंडी सोलायला बसली.

मला सांगितलं ते चाचांनी. चाचा तळेगावचे शिंपी, दम्यानं आणि छातीनं हैराण, माझ्या शेजारच्या खोलीत असायचे. त्यांनी मला खुणेनं व्हरांड्यात बोलावलं. "पोरीची आहे," ते म्हणाले. "मावशीच्या. गार्डसाहेब गेले तशी रेल्वेची खोली गेली. मायलेकी भाड्यानं राहिल्या. मुलगी मॅट्रिकला होती आणि छाती बिघडली. मालकाला समजलं. भर आषाढात सामान बाहेर. कुणी दार उघडलं नाही बेटा. चर्चच्या व्हरांड्यात गोणपाट लावून राहिल्या, आणि पोरगी तिथंच गेली. ती बरणी तिनं उन्हाळ्यात घातलेली. म्हणून तर ही बाई धडधाकट माणसाला जागा देत नाही. गळ्यातलं मोडून घर बांधलं, ते त्याच्यासाठीच."

"मग ईस्टरला तीही उघडायची ना. बाकीच्यांची उघडते."

चाचांनी सुईत दोरा ओवला. "बाकीच्यांचं बाकीच्यांचं. आपल्या लेकरापाशी तिचं पण अडतं. म्हणते, ही ती स्वतः येऊन उघडेल, तिनं मारलेली गाठ आहे."

नंतर कधीतरी, माझ्या पायांना तेल लावताना, मावशी स्वतःच बोलली. "त्या व्हरांड्यात मी देवाला फार बोलले गं. नाही नाही ते बोलले. पाळकसाहेब म्हणाले, बाई, असं बोलू नये. मी म्हटलं, मग कुणाला बोलू? मालकाला? तो तर खिडकी लावून बसलाय. शेजारी उठून गेले, नातेवाईक आलेच नाहीत. मी रात्रंदिवस शिव्या घालत होते आणि एका सकाळी माझ्या ध्यानात आलं, की मी ज्याला शिव्या घालतेय तो काही उठून गेलेला नाही. बसलाय आपला ऐकत. त्याच्या पोराचंही असंच झालं होतं ना, गावाबाहेर नेऊन मारलं. त्याला माहीत होतं." मग माझी टाच चोळत म्हणाली, "तेव्हापासून आमचं जमलं. तक्रार मी अजून मागं घेतलेली नाही हां. पण जमलं."

आई उन्हाळ्याच्या शेवटी पुण्याला परत गेली. धाकटी भावंडं होती, तिला किती दिवस थांबता येणार? आईनं जाताना मावशीचा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "तुमच्या हातचं खाईल ती आता." आमच्या घरच्या सोवळ्यात वाढलेल्या बाईच्या तोंडून हे निघायला काय लागलं असेल, ते तिचं तिला ठाऊक.

मग पाऊस लागला. लोणावळ्याचा पाऊस ज्यानं काढला नाही त्याला काय सांगायचं? मिठाचं पाणी होतं, काडी पेटत नाही, चपलांवर हिरवी लव येते. कपडे वाळवायचे तर कोळशाच्या शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर पसरायचे. आणि त्या घराचा कायदा असा, की दसऱ्यापर्यंत लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. एकदा दमट हवा आत शिरली की आख्खी बरणी गेली.

माझं वजन वाढायला लागलं होतं. डॉक्टर सायकलवरून यायचे, सुई टोचायचे आणि जाताना मावशीच्या हातचा चहा घेऊन, "हिचं जमतंय," असं म्हणायचे. मी संध्याकाळी व्हरांड्यात बसून मनातल्या मनात पुण्याच्या घरातली पातेली लावत असे. कुठलं कुठं ठेवायचं ते मला पुन्हा आठवायला लागलं होतं.

आणि एके दुपारी माझे धाकटे दीर आले. रेनकोट घातलेला. आत आले नाहीत. हमालाच्या डोक्यावरून एक ट्रंक उतरवून त्यांनी व्हरांड्यात ठेवली. माझीच ट्रंक, लग्नातली.

"वहिनी, आईनं पाठवलीय. सगळ्या साड्या आहेत. बघून घ्या."

"आणि हे?" मी विचारलं. "हे नाही आले?"

ते ट्रंकेच्या कडीकडं बघत म्हणाले, "दादा म्हणतोय, आता पुन्हा नांदायला आणायचं नाही. बाकीचं वकील बघतील." मावशीनं त्यांना चहा विचारला. ते गाडीची वेळ झाली म्हणाले. गाडीला पुष्कळ अवकाश होता.

मावशीनं ट्रंक उघडली आणि एकेक साडी डालग्यावर घालायला लागली. "पावसाळ्यात ट्रंकेत ठेवल्या तर आठ दिवसांत बुरशी धरेल. या नेसायच्या. रोज एक."

"कुणासाठी नेसू?"

"माकडांसाठी नेस. त्यांना तरी बदल."

एरवी मी हसले असते. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. रुसवा नव्हता, हट्ट नव्हता. तोंडात घातलेलं तोंडातच राहायचं, लाकडाच्या भुशासारखं. मावशीनं मऊ भात केला, अंडं फेटून दिलं, रव्याची पेज केली, कोंबडीचं पाणी दिलं. मी ओकून टाकायचे नाहीतर भिंतीकडं तोंड करून पडायचे. आठवड्याभरात चढलेलं सगळं वजन उतरलं आणि ताप परत आला. डॉक्टर व्हरांड्यात मावशीला म्हणाले, हळू बोलले पण मला ऐकू आलं, "सुया मी टोचीन हो. पण पोटात अन्न नसेल तर त्या कुणाला टोचायच्या? अशीच राहिली तर ही पावसाळा काढत नाही."

त्या दिवशी परसातलं भांडण मी पडल्या पडल्या ऐकलं. "अरे, बघतोयस ना? याच पावसात एक नेलीस. मी सोसलं. हिच्यासाठी मी नवरा मागत नाही, संसार मागत नाही. एक घास गिळू दे तिला. एवढं तुला जड आहे?"  पाणी पत्र्यावर वाजत होतं.

जीभ मेली, तोंडाची चव गेली, की जुनं लिंबू देतात. हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं, मावशीला काय ठाऊक नव्हतं? मिठातलं लिंबू जितकं जुनं, जितकं काळं, तितकं औषधी. मागच्या वर्षीच्या बरण्या ईस्टरपासून खाऊन संपल्या होत्या, फळीवरच्या इतर त्याच उन्हाळ्यातल्या होत्या, आंबट कच्च्या. जुनी म्हणावी अशी एकच होती. त्या आठवड्यात मावशी चुलीपाशी यायची, वर बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. मी ते बघत होते. मला वाटायचं, नको गं बाई, माझ्यासाठी नको. आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, काही करा पण मला वाचवा.

परसातल्या त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूबाई आली. इरल्यातून पाणी गळत होतं. पेजेसाठी आंबेमोहोराची कणी आणली होती तिनं. मावशीनं पेज केली, वाटीत काढली, माझ्या उशाशी ठेवली. मग फळीखाली स्टूल ओढलं.

चाचा दारात येऊन उभे राहिले. ठकूबाई ओरडलीच, "आवं बाई! पावसात बरनी उगडताय? समदी जाईल की!"

"जाईल तर जाईल."

"आवं, पन पोरीची हाय ती!"

"मला माहीत नाही का कुणाची आहे ते?"

निळ्या फुलांची बरणी खाली आली. दादरा धुरानं कडक झाला होता आणि त्यावरची गाठ तशीच होती, पोरीच्या बोटांनी मारलेली. चाचा कात्री घेऊन आले, तर मावशीनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते कात्री पाठीमागं लपवून उभे राहिले. केसातला आकडा काढून ती गाठ सोडवायला बसली. घाई नाही. आकडा निसटत होता आणि ती पुटपुटत होती, "केवढी घट्ट मारलीस गं बाई, केवढी घट्ट." ती कुणाशी बोलत होती, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. ठकूबाईनं पदर डोळ्याला लावला.

गाठ सुटली. आतलं लोणचं काकवीसारखं काळं झालं होतं आणि मीठ कडेनं चमकत होतं. मावशीनं बोटभर घेतलं, पेजेत कालवलं आणि चमचा माझ्या तोंडापाशी आणला.

"घे."

खारट, आंबट, आणि त्याच्या मागून काहीतरी गोडसर. जबडे दुखले, इतकं तोंडाला पाणी सुटलं. कितीतरी दिवसांत जिभेला काहीतरी कळलं होतं. मी गिळलं. आणि मला रडू फुटलं, ट्रंक आल्यापासून पहिल्यांदा, हमसून हमसून.

"रड," मावशी म्हणाली. तिच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "पण घास गिळून रड. हा दुसरा घे."

मी वाटी संपवली.

दमट हवा आत गेली होती, त्यामुळं बरणी आता ठेवून चालणार नव्हती. मावशीनं हुकूमच काढला, की पावसाळा संपायच्या आत हिचा तळ दिसला पाहिजे. मला दोन्ही वेळा पेजेत, चाचांना भाकरीबरोबर. ठकूबाई सासूसाठी पानात बांधून मळवलीला न्यायची. आणि तो नाटकी खोकल्याचा कारकून आठवतो ना? त्याला खरोखरच हिवताप आला. मावशीनं त्याला आणवून माझ्या समोरच्या खोलीत खाटेवर घातला आणि "आता कसं खरं बोललास" म्हणत त्यालाही लिंबू चाटवलं. दसऱ्याच्या आधी मी त्या निळ्या बरणीचा तळ चमच्यानं खरवडला. तोवर ट्रंकेतल्या निम्म्या साड्या माझ्या नेसून झाल्या होत्या आणि मी फाटकापर्यंत चालत जात होते.

मावशी मोरीत बरणी धूत होती. मी दारात उभी राहिले. मनात घोळत होतं ते विचारलं, "मावशी, आता तिच्यासाठी काय राहिलं?"

तिनं बरणी उपडी घातली, हात पुसले. "ती आली की ताजं घालू की! लिंबांना काय तोटा आहे? ठकूबाई आहे." मग माझ्याकडं बघून एकदम हसली. "आणि खरं सांगू तुला? तिला जुनं लोणचं आवडायचंच नाही. नाक मुरडायची. ताज्या फोडीला मीठ लावायची आणि डोळे मिटून खायची. मीच वेडी, ठेवून बसले होते." हसता हसताच तिनं पदरात तोंड लपवलं, आणि मी तिला धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.

पुढच्या ईस्टरला मी तिच्याबरोबर दफनभूमीत चालत गेले. फुलं घालून झाल्यावर ती पोरीच्या थडग्यापाशी वाकली आणि सांगितलं, "तुझी बरणी संपली बरं का. ही बघ, हिनं संपवली." जणू शाळेतून आलेल्या मुलीला सांगावं, तुझा लाडू हिनं खाल्ला. घरी येऊन माझी बरणी माझ्याच हातानं उघडली. आणि दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "बरी झालीस. आता जागा खाली कर. वराळ्याची एक पोर यायची आहे, तिला ताप येतोय."

मी म्हटलं, "मावशी, मी जाऊ कुठं?"

तिनं माझ्यासाठी तळेगावला मुलींच्या एका बोर्डिंगात शिकवायचं काम आधीच बघून ठेवलं होतं. पाळकसाहेबांना त्यासाठी किती छळलं असेल देव जाणे. निघताना ती निळी बरणी माझ्या ट्रंकेत साड्यांच्या मध्ये ठेवलेली सापडली.

त्यानंतर मी दर सुट्टीला जायचे, पण राहायला कधी मिळालं नाही. दुपारी जेवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. धडधाकट माणसाला जागा नाही. सत्तरचं दशक सुरू झाल्यावर एकदा निरोप आला म्हणून गेले, तर मावशी कधी नव्हे ती पूर्वेच्या खिडकीच्या खोलीत, खाटेवर. उभा जन्म ती चुलीपाशी चटईवर झोपली होती. मला बघून म्हणाली, "बघ, आता कुठं मला माझ्याच घरात जागा मिळाली." आवाज गेला होता, पण खोडी तीच. फळीवर तिच्या नावाची बरणी होती, त्याच हिवाळ्यात घातलेली.

ईस्टरच्या आधीच ती गेली. त्या पहाटे आम्ही तिचे बरे झालेले भाडेकरू जिथून तिथून आलो होतो, तो कारकूनही, आता टक्कल पडलेला. चाचा नव्हते. मायलेकींची थडगी शेजारी शेजारी. गाणी झाली, फुलं झाली, आणि मी तिची बरणी तिथंच उघडली. म्हातारी ठकूबाई म्हणाली, "हितंच खायाचं व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं पाव पुढं केला. कुणीतरी शिट्टी आणली होती. ती वाजवायचं धाडस कुणाला झालं नाही.

मी काही ख्रिस्ती झाले नाही. माझ्या देव्हाऱ्यात माझे देव आहेत. माणसं उठतात की नाही, मला माहीत नाही. मी उठले, एवढं माहीत आहे. निळी बरणी माझ्या फळीवर असते. दर वर्षी हिवाळ्यात मी तिच्यातलं लोणचं काढते, आजारी माणसं असतील त्या घरांत पोचवते आणि ताज्या फोडी घालते. माझी भाची दर वेळी हळहळते. म्हणते, "अगं आत्या, लिंबू जितकं जुनं तितकं चांगलं. तू मुरू का देत नाहीस?"

मी तिला सांगते, "एक मुलगी यायची आहे. तिला ताजं लागतं."